बोर्ड गेला म्हणण्याआधी

वाचकाचं पत्र

«माझ्याकडे २०१२ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. इंटेलचा आय थ्री २१२० प्रोसेसर, एच ६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. मी घरूनच काही छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिते, तेवढंच त्याच्यावर काम. हल्ली तो सुरू व्हायला आठ-दहा मिनिटं घेतो. रोज सकाळी तारीख कुठल्या तरी जुन्या सालात गेलेली असते आणि बऱ्याच वेबसाइट उघडत नाहीत. त्यात आता काम चालू असताना एकदम बंद पडायला लागलाय. लगेच चालू केला तर पाच-दहा मिनिटांत पुन्हा बंद. तासभर राहू दिला की मग बराच वेळ नीट चालतो. दुरुस्तीवाले म्हणाले, बोर्ड गेलाय, नवीनच घ्या. दुसरे एक जण म्हणाले, ग्राफिक्स कार्ड टाका, स्पीड येईल. मुलगीही कार्डाच्या मागे लागलीये, तिला थ्री-डी डिझाइन शिकायचंय. नवीन कॉम्प्युटर या वर्षी जमणार नाही. थोडे पैसे घालता येतील. ते कशावर घालू?»

ताई,

पैसे कशावर घालायचे ते नंतर बघू. आधी आज, कॉम्प्युटर ज्या वेळेला नीट चालू असेल त्या वेळेला, सगळ्यांचे हिशेब पेन ड्राइव्हवर घ्या. फोल्डर नुसता कॉपी करू नका. तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपचा पर्याय असेल, तो वापरा आणि तो बॅकअप दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर उघडतोय का ते बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही. डेटा लिहिला जात असताना वीज तुटली तर फाइल खराब होऊ शकते आणि तुमच्याकडे तेच रोज होतंय. हिशेब दुसऱ्यांचे आहेत, म्हणून हे काम उद्यावर टाकू नका. हे होईपर्यंत कॅबिनेटला हातही लावू नका.

आता तुमचं पत्र. तुम्ही तीन तक्रारी एका दमात लिहिल्यात, आणि दुरुस्तीवाल्यांनीही त्या एकत्र करून एकच निकाल देऊन टाकला. त्यांची कारणं मात्र वेगवेगळी दिसतात. तारीख मागे जाते हा एक दोष. अचानक बंद पडणं हा दुसरा. सुरू व्हायला लागणारा वेळ, म्हणजे संथपणा, हा मुळात दोषच नाही. आजच्या कामाला ते यंत्र अपुरं पडतंय, एवढंच. दोष असेल तर दुरुस्ती करायची, अपुरं पडत असेल तर भर घालायची. दुरुस्ती राहिली आणि वर भर घातली, तर नवा पार्टही त्याच बिघाडात अडकतो आणि दोष नेमका कुठे होता हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन दिवस वापरून बघितल्याशिवाय पुढच्या गोष्टीला हात घालू नका.

तारखेचं सगळ्यात सोपं आहे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो, त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरची वीज पूर्ण बंद असते तेव्हा घड्याळ आणि बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रॅमची, सेटिंग हा तीन व्होल्टचा सेल धरून ठेवतो. तुमचा संपलाय. तुम्ही रात्री भिंतीवरचं बटणही बंद करत असणार, म्हणून सकाळी तारीख मागे गेलेली दिसते. वेबसाइट न उघडण्याचं कारणही बहुतेक हेच. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. तुमच्या कॉम्प्युटरच्या मते ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून ब्राउझर अडवतो. इंटरनेटवाल्यांना बोलवायची गरज नाही.

सेल बदलताना प्लग काढा, कडेची छोटी पत्र्याची पट्टी बाजूला दाबा, सेल आपोआप वर उचलला जातो. नवा बसवताना अधिकची खूण वर ठेवा. मात्र त्याआधी बायोसमध्ये जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. सेल काढला की सेटिंग मूळ स्थितीला जातात, आणि काही बोर्डांवर त्यात हार्ड डिस्क चालवण्याचा मोड एएचसीआयवरून आयडीईवर जातो किंवा उलट होतं. मग विंडोज सुरू होताना निळा स्क्रीन येतो आणि सेल बदलल्यामुळे हार्ड डिस्क गेली असं माणसाला वाटतं. फोटो बघून मोड पूर्ववत केला की विंडोज पुन्हा सुरू होतं.

आता बंद पडण्याचं. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य म्हणजे लगेच चालू केला तर लवकर बंद, तासभर थांबलं की बराच वेळ चालतो. हे लक्षण उष्णतेचं आहे. बोर्ड खरंच गेला असता तर तो सहसा विश्रांती घेऊन असा नियमाने बरा झाला नसता. इंटेलचे हे प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात, आणि तरीही तापत राहिले तर जळू नये म्हणून मशीन बंद करतात. म्हणजे तुमचा कॉम्प्युटर बिघडून बंद पडत नसेल, तो स्वतःला वाचवत असेल. तुम्हाला जाणवणाऱ्या संथपणातला थोडा वाटा या कमी झालेल्या वेगाचाही असू शकतो.

खात्री करून घ्यायला पैसे लागत नाहीत. तापमान दाखवणारं एखादं मोफत सॉफ्टवेअर टाका, किंवा बंद पडल्या पडल्या पुन्हा चालू करून थेट बायोसमध्ये जा, तिथे हार्डवेअर मॉनिटर नावाचं पान असतं. काही काम चालू नसताना ३५ ते ५० अंश असेल तर ठीक. थोडंसं काम केल्यावर आकडा ९० च्या पुढे सरकत असेल तर गुन्हेगार सापडला.

मग कॅबिनेट उघडा. प्लग काढल्यावर समोरचं पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज तिथे उतरते. समोरून बघताना डाव्या हाताची बाजू काढली की मधोमध पंखा दिसेल. त्या पंख्याखाली प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा, ॲल्युमिनियमच्या पात्यांचा गोल हीटसिंक असतो. पंखा आणि हीटसिंक मिळून कूलर. पंखा आणि पाती यांच्यामध्ये धुळीचा थर बसतो. वरून बघितलं तर पंखा स्वच्छ दिसतो आणि खाली मात्र वाऱ्याला जायला वाटच नसते. मऊ ब्रशने सैल करून ब्लोअरने उडवा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने पंखा भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग जातं.

आणि आता ती गोष्ट, जी दुरुस्तीवाले घाईत बघत नाहीत. इंटेलबरोबर येणारा कूलर चार कोपऱ्यांतल्या चार प्लॅस्टिकच्या पिनांनी बोर्डला अडकवलेला असतो. वरून त्यांच्या काळ्या टोप्या दिसतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने यातली एखादी ढिली होते किंवा कधी तरी साफसफाई करताना कुणी तरी नीट न बसवता सोडून देतं. एक पिन जरी निसटली तरी हीटसिंक त्या बाजूने केसभर उचलला जातो आणि प्रोसेसरला पूर्ण टेकत नाही. नुसत्या नजरेला कळत नाही. चारही टोप्या बोटाने हलवून बघा. एखादी डुगडुगत असेल, किंवा बाकीच्या तिघींपेक्षा वर आलेली असेल, तर तिथेच घोळ आहे.

कूलर काढायचा असेल तर चारही टोप्या त्यांच्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा. खाली प्रोसेसरवर त्याची उष्णता कूलरपर्यंत नेणारी राखाडी थर्मल पेस्ट असेल, इतक्या वर्षांत ती वाळून खडू झालेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने दोन्ही बाजू पुसून काढा. नव्या पेस्टचा चार-पाच मिलिमीटरचा एकच ठिपका प्रोसेसरच्या मधोमध द्या. बोटाने पसरवू नका, कूलर दाबला की ती आपोआप पसरते. बसवण्याआधी टोप्या बाणाच्या उलट दिशेने मूळ जागी फिरवा आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन, नंतर उरलेल्या दोन अशा दाबा. प्रत्येक पिन बसताना टक्‌ असा आवाज यायला हवा. शक्य असेल तर बोर्डच्या मागून बघा, चारही पिना पलीकडे सारख्या बाहेर आलेल्या दिसतील. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच परत लावा. पिन तुटलीच असेल तर नवा साधा कूलर घ्या, या मशीनच्या ६५ वॅटच्या प्रोसेसरला महागड्याची गरज नाही. हे सगळं स्वतः करायची भीती वाटत असेल तर करून घ्या, पण समोर बसून करून घ्या. 'सर्व्हिसिंग करा' एवढंच सांगू नका, 'पेस्ट बदला आणि पिना तपासा' असं सांगा.

तापमान नीट आहे आणि तरीही बंद पडतोय, असं झालं तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला असेल तर जास्तच. वरचा ४५० वॅटचा आकडा बघू नका. लेबलवर पिवळ्या वायरीची, म्हणजे १२ व्होल्टची ओळ शोधा. तिथे १६ ॲम्पिअर लिहिलं असेल तर त्या ओळीवर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट मिळतात, आणि आजच्या कॉम्प्युटरची बरीचशी गरज त्याच ओळीवर असते. बायोसमध्ये १२ व्होल्टचा आकडा ११.४ ते १२.६ च्या आत हवा. सगळ्यात खात्रीची चाचणी म्हणजे दुसरा चांगला एसएमपीएस लावून दोन दिवस चालवणं, आणि ती कुठलाही दुरुस्तीवाला करू शकतो. तुमचा एसएमपीएस मात्र उघडू नका, कुणी सांगितलं तरी. त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या वर वीज साठलेली राहू शकते.

बोर्डवर एक नजर टाकाच. प्रोसेसरच्या आजूबाजूला छोटे उभे डबे असतात, ते कपॅसिटर. त्यांचा माथा सपाट असायला हवा. फुगून वर आलेला असेल किंवा माथ्यावर तपकिरी चिकट डाग असेल तर बोर्ड खरंच दोषी आहे, आणि सोल्डरिंगचा हात असलेला माणूस तेवढेच कपॅसिटर बदलून देऊ शकतो. सगळं सपाट, कोरडं असेल तर दुरुस्तीवाल्यांना शांतपणे विचारा, बोर्ड गेला हे कशावरून ठरवलं? दुसरा एसएमपीएस लावून बघितला का? तापमान किती होतं? ज्याने खरंच तपासलंय तो न रागावता सांगेल.

इथपर्यंत झालं की कॉम्प्युटर बंद पडणार नाही, तारीख बरोबर राहील, आणि तुमचे पैसे जवळजवळ शाबूत असतील. आता संथपणाकडे या.

तुमची मुख्य अडचण हार्ड डिस्क आहे. टास्क मॅनेजर उघडा, सुरुवातीच्या त्या दहा मिनिटांत डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर अडकलेला दिसेल आणि प्रोसेसर मात्र निवांत असेल. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कला एक फेरी पूर्ण करायला आठ मिलिसेकंदांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, वर सुई इकडून तिकडे न्यायचा वेळ वेगळा. म्हणजे विखुरलेल्या फाइली वाचायच्या झाल्या तर सेकंदाला कशाबशा शंभरेक जागा वाचून होतात. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वाचतं. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नाही, ती सेकंदाला हजारो जागा सहज वाचते. तुमच्या मशीनला पहिली भर घालायची तर ती एसएसडीची, आणि तुम्ही एकच गोष्ट घेणार असाल तरीही हीच.

कुणी तरी तुम्हाला सांगेल की एच ६१ बोर्डवर साटाचा, म्हणजे डिस्क बोर्डला जोडणाऱ्या वाटेचा, जुना, सेकंदाला ३ गिगाबिटचा वेग आहे, एसएसडी तिथे अर्ध्या वेगाने चालेल. म्हणणं खरं आहे. मोठी फाइल कॉपी करताना सेकंदाला साडेपाचशे एमबीऐवजी अडीचशेच्या आसपास मिळतील. पण तुमचा वेळ जातो तो छोट्या विखुरलेल्या वाचनात, आणि तिथला फायदा तुम्हाला जवळजवळ पूर्ण मिळतो. अडीच इंची साटा एसएसडीच घ्या. एम डॉट टू किंवा एनव्हीएमई लिहिलेली पातळ पट्टी घेऊ नका, तुमच्या बोर्डवर ती बसवायला जागा नाही, आणि अडॅप्टरने बसवली तरी त्या जमान्यातलं बायोस सहसा तिच्यावरून विंडोज सुरू करत नाही. २४० किंवा २५६ जीबी तुम्हाला पुरे आहे.

त्यावर विंडोज नव्याने टाका, जुनंच उचलून ठेवू नका. तेही जमतं, पण डिस्कची हुबेहूब नक्कल करणारं क्लोनझिलासारखं साधन नव्या डिस्कची क्षमता जुन्याएवढी किंवा जास्त मागतं, आणि तुमची जुनी ५०० ची आहे. नव्याने टाकण्याआधी बायोसमध्ये एएचसीआय मोड निवडा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स दुसऱ्या डिस्कवर कसं न्यायचं, हे जुनी डिस्क चालू असतानाच कंपनीला विचारून घ्या. हे विसरलं की ऐन महिन्याच्या शेवटी अडकायला होतं.

जुनी हार्ड डिस्क बॅकअपसाठी आत राहू द्या, पण आधी तिची तब्येत बघून. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर तिची आतली नोंद दाखवतं. त्यात रिअलोकेटेड सेक्टर्स काउंट आणि करंट पेंडिंग सेक्टर काउंट या दोन ओळी बघा. मूळ आकडा (रॉ व्हॅल्यू) शून्य असायला हवा. शून्य नसेल आणि दर आठवड्याला वाढत असेल तर तिच्यावर काहीही ठेवू नका. यूडीएमए सीआरसी एररची ओळ वाढत असेल तर मात्र डिस्क निर्दोष असू शकते, बहुतेक वेळा साटा केबल खराब असते. केबल बदलून बघा.

रॅम दुसऱ्या क्रमांकावर. ४ जीबी आजच्या ब्राउझरलाच अपुरी पडते, आणि रॅम भरली की विंडोज उरलेलं डिस्कवर ठेवतं. तुमच्या बोर्डला सहसा दोन स्लॉट असतात. एकात ४ जीबी असेल तर दुसऱ्यात तशीच ४ जीबी डीडीआर ३ टाका. दोन सारख्या पट्ट्या असल्या की दोन्ही वाटांनी एकदम वाचन होतं. वेगाचा आकडा १६०० लिहिलेली मिळाली तरी चालेल, तुमच्या प्रोसेसरबरोबर ती १३३३ वर चालेल. सावध राहायचं ते एका गोष्टीत. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या काही डीडीआर ३ पट्ट्यांवर 'फक्त एएमडीसाठी' असं बारीक लिहिलेलं असतं, त्या इंटेलच्या बोर्डवर चालत नाहीत. सर्व्हरमधून काढलेल्याही नाहीत. विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम त्याला वापरताच येत नाही, म्हणून नव्याने टाकताना ६४ बिटचंच टाका. रॅम बसवल्यावर एक रात्र मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालू ठेवा. एकही चूक दाखवली तर पट्टी परत करा. हिशेबाच्या कामाला चुकणारी रॅम अजिबात नको, ती आकडेही गुपचूप बदलू शकते.

प्रोसेसर बदलायचा विचार सध्या नको.

आता एक कटू गोष्ट. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तुमचा प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा आहे. आडवाटेने विंडोज ११ टाकून देणारे भेटतील, पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही, आणि दुसऱ्यांचे हिशेब असलेल्या मशीनवर मी तो सल्ला देणार नाही. तुमचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नसेल तर हिशेबाचं मशीन शक्य तितकं इंटरनेटपासून दूर ठेवा, आणि बँकेचे व्यवहार त्याच्यावरून करू नका. एसएसडीवर विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी, मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून इंटरनेटची कामं त्यातून करता येतील. तिथे पत्रं-तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस मिळतं, मराठीही टाइप होतं.

यावरून खर्चाची मर्यादाही ठरते. वर्ष-दोन वर्षांत नवीन मशीन घ्यावंच लागेल, तेव्हा आज जे घ्याल त्यातलं काय पुढे येणार ते बघा. साटा एसएसडी नव्या डेस्कटॉपमध्येही बसेल. चांगला एसएमपीएसही बहुधा बसेल. डीडीआर ३ रॅम नव्या बोर्डवर बसत नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते. म्हणून एसएसडी चांगल्या कंपनीची, वॉरंटीसकट नवी घ्या, आणि रॅम वापरलेली मिळाली तरी चालवून घ्या. दुसरा एच ६१ बोर्ड मात्र विकत घेऊ नका. कूलर, एसएमपीएस, कपॅसिटर सगळं बघूनही मशीन बंदच पडत राहिलं, तर त्याच्यावर आणखी खर्च नको.

ग्राफिक्स कार्डाचं मुलीला तुम्हीच सांगा, पण तिला नाराज न करता. कार्डाने विंडोज लवकर सुरू होत नाही, हिशेब लवकर उघडत नाहीत. थ्री-डी डिझाइनला कार्ड लागतं हे तिचं बरोबर आहे, पण दोन कोरच्या प्रोसेसरबरोबर ते अडून राहील. शिवाय स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याच्या पुढच्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते, आणि तुमच्या जुन्या एसएमपीएसवर जोड-वायरी लावून ते चालवणं धोक्याचं आहे. तिच्या शिक्षणासाठी ते पैसे बाजूला ठेवा. तोवर ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर कॉलेजच्या किंवा मैत्रिणीच्या मशीनवर शिकायला तिला सुरुवात करू दे. या मशीनवर त्याच्या नव्या आवृत्त्या धावणार नाहीत.

पेस्ट बदलून आठवडा झाला आणि तरी बंद पडलं, तर मला तीन गोष्टी लिहून पाठवा. बंद पडण्याआधीचं तापमान, एसएमपीएसच्या लेबलवरचा १२ व्होल्टचा ॲम्पिअरचा आकडा, आणि त्या वेळी पंखा फिरत होता की नाही.